आरशातला टायगर

वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर छोटी मॉडेल मांडून खेळायच्या लढाईसाठी, रंगवलेले टँक विकत घ्यायचा विचार करत असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे गेले ते गेले. पण ज्या फोटोंवर मी भाळलो ते अजून फिरतायत.

माझ्याकडचे टी-34, म्हणजे सोव्हिएत टँक, मी स्वतःच रंगवतो. कुर्स्कच्या लढाईत, म्हणजे जुलै 1943 मध्ये, त्यांच्यासमोर उभे करायला 1/56 स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या छप्पन्नाव्या भागाएवढे, चार जर्मन टायगर टँक हवे होते. वेळ नव्हता, म्हणून ऑर्डरवर रंगवून देणाऱ्या एकाला गाठलं. त्याने फोटो पाठवले आणि मी बघतच राहिलो. गडद पिवळ्यावर हिरवट पट्टे, झाकणांच्या कडांना मोजके टवके, सायलेन्सरवर गंज, बाजूने ओघळलेल्या धुळीच्या रेघा. "फोटोत दिसतंय तेच काम मिळेल, काळजी करू नका," म्हणाला. निम्मी रक्कम आगाऊ घेतली. मग वॉर्निश वाळत होतं, मग डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) यायचे होते, मग उरलेले पैसे दिल्याशिवाय पार्सल निघणार नव्हतं. तेही दिले, थेट त्याच्या खात्यात. शेवटी आले ते दोनच टँक.

पहिला टँक खोक्यातून उचलला आणि अंगठा टेकला तिथला पिवळा रंग सालीसारखा सुटून आला. खाली प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी मारायचा थर, नाही; नुसतं राखाडी रेझिन (साच्यात ओतायचं प्लास्टिक), तेही बोटाला बुळबुळीत लागणारं. भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्याला एक द्रव लावतात. तो साबणाच्या पाण्याने घासून काढला नाही, तर वरचा रंग धरत नाही. याने धुतलंच नव्हतं. चाकांभोवतीच्या साखळीसारख्या पट्ट्यांवर चिखल म्हणून गोंदात कालवलेली पावडर थापलेली. टोकदार चिमट्याने एक ढेकूळ काढलं तर मागे फट दिसली, पट्टा चाकाला टेकतच नव्हता. दुसरं ढेकूळ काढलं, तिथे हवेच्या बुडबुड्याचा खड्डा. बोल्टची डोकी विरघळल्यासारखी गुळगुळीत. कुणाच्या तरी अस्सल मॉडेलवरून साचा करून ओतलेली ही नक्कल होती, त्यात बारीक तपशील असेच पुसट होत जातात. टवके तर स्पंजने सगळीकडे सारखेच ठोकलेले. 1/56 मध्ये एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या टँकवर साडेपाच सेंटिमीटरहून मोठा डाग. तेवढे डाग सपाट चिलखताच्या मधोमध कशाने पडणार? रंग झिजतो तो माणसं चढतात-उतरतात तिथे, झाकणांच्या कडांना, मडगार्डवर.

आणि दोन्हींवर झिमेरिट, चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचा तो खडबडीत लेप. मी त्याला कुर्स्क असं स्पष्ट सांगितलं होतं. झिमेरिट कारखान्यात लागायला लागलं ते त्या लढाईनंतर.

फोटोंचं कोडं एका मित्राने सोडवलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हा टायगर आरशातला आहे." टायगरमध्ये कमांडरचा कपोला, म्हणजे बाहेर बघायचा छोटा घुमट, टरेटच्या (वरच्या फिरत्या तोफघराच्या) डाव्या अंगाला असतो आणि पुढची मशीनगन उजव्या अंगाला, रेडिओवाल्यासमोर. फोटोत दोन्ही उलट. मूळ फोटो इंटरनेटवर शोधून सापडू नये म्हणून विकणाऱ्याने तो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवला होता. टरेटवर नंबर असता तर आकडे उलटे दिसले असते, म्हणून फोटोही नेमके बिननंबरचे निवडलेले. जर्मन क्रॉस दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे तो चालून गेला. आम्ही फोटो पुन्हा सुलटा करून शोधला, तेव्हा मूळ मॉडेल मिळालं. दुसऱ्याच कलाकाराचं, आणि 1/35 चं, म्हणजे आकाराने बरंच मोठं! इतकी वर्षं टँक हाताळतोय मी. टरेटला वेगळी लावलेली बारीक हँडल, दोऱ्यासारखा पीळ दिसणारा ओढायचा केबल, एवढं 1/56 मध्ये सहसा नसतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या कलाकाराला मी कळवलं. त्याचं काम चोरीला गेलंय याचा मला माझ्या पैशांपेक्षा जास्त राग आहे.

विकणाऱ्याने माझा नंबर ब्लॉक केला. पैसे थेट खात्यात गेल्यामुळे मधे कुणी दाद मागायलाही नव्हतं.

आता दुसऱ्या एकीला काम दिलंय. मी एवढंच मागितलं: टरेट काढून ठेवलेला, फक्त प्रायमर मारलेला टँक, आणि शेजारी माझं नाव व आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. तासाभरात फोटो आला, सोबत न मागता टँकच्या पोटाचाही एक. अर्धवट अवस्थेतला फोटो मागितला की चोरट्याकडे तो नसतोच, कारण लोक पूर्ण झालेल्या कामाचे फोटो टाकतात. हा फोटो आगाऊ रक्कम देण्याआधी मागा.

काल तो जुना फोटो पुन्हा विक्रीला लागलेला दिसला. विकणाऱ्याचं नाव वेगळं आहे. कपोला अजून उजव्या अंगालाच आहे.