साडेचारशेचा ओबीडी डोंगल: काही महिन्यांचा अनुभव (आणि रेडिएटरच्या कॅपबद्दल बरंच काही)

हे परीक्षण पावसाळ्याआधी लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. डॅशबोर्डवर तापमानाचा काटाच नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, हाताबाहेर गेल्यावर लाल, मधलं काही नाही. एका काट्यात असे किती रुपये वाचतात कोण जाणे! हा राग जुना आहे आणि डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारी छोटी डबी, घ्यायचं खरं कारणही तोच. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचा, १२३४ टाकून ब्लूटूथ जोडा, कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोबाईलवर हजर. एरवी ८८ ते ९२ अंश सेल्सिअस. काट्याचं दुःख मिटलं.

मग आंबा घाट लागला. साखरपा सोडून चढाला लागलो, पुढे ट्रकची रांग, एसी चालू. आकडा ९६, ९९, १०३. चांगला नाही, पण लाल दिवाही पेटला नव्हता. तेवढ्यात बॉनेटखालून वाफ. गाडी कडेला घेईपर्यंत आकडा चक्क ९४! पाणी फेकलं गेलं की सेन्सर उघडा पडतो, वाफेत राहतो आणि कमी तापमान दाखवू शकतो. उतरता आकडा बघून "सुटलो" म्हणत जो गाडी दामटेल, त्याचं इंजिन गेलंच म्हणून समजा. इथे दोन तारे कापले.

गाडी थंड करत, पाणी घालत कसंबसं मलकापूर गाठलं. तिथल्या फिटरकडे ना लॅपटॉप ना स्कॅनर. त्याने इंजिन तापू दिलं आणि रेडिएटरचा वरचा होज पाईप फडक्याने दाबला. "गरम हाय पन मऊ हाय. प्रेशर धरंना. कॅप गेलीया, साहेब." इंजिन निवल्यावर कॅप काढून दाखवली, तर आतलं रबर चिरलेलं.

आता कॅपबद्दल, कारण हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, तसंच हे. साधं पाणी १००ला उकळतं, घाटात एक-दोन अंश आधीच. पण ०.९ बारची कॅप दाब धरून ठेवते तेव्हा तेच पाणी ११८च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, निम्मं कूलंट असेल तर आणखी वर. माझ्या रेडिएटरमध्ये मागच्या सर्व्हिसला कूलंटच्या नावाखाली बहुतेक पाणीच भरलेलं निघालं. म्हणजे दाब नाही, कूलंट नाही, मग १०३ला उकळणारच. डोंगलने तापमान खरं सांगितलं, पण दाब त्याला कळतच नाही. अडीचशे रुपयांची कॅप! दर दोन-तीन वर्षांनी बदलून टाका, मात्र जुनीवर जो आकडा छापलाय तोच बघून घ्या.

कोल्हापुरात नेहमीच्या वर्कशॉपने गाडी न तपासताच निकाल दिला: हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील), २८ हजार. गॅस्केट फुटलं असतं तर सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसून गार इंजिनवरही होज लगेच कडक झाला असता, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे आले असते. दोन्ही नव्हतं. शिवाय नव्या कॅपने उकळणं थांबलं, तरी आकडा मुळात १०३ला का गेला हा प्रश्न उरतोच.

इथे डोंगलने गमावलेला एक तारा परत मिळवला. मोबाईलवर तापमानाचा आलेख लावून शहरात फिरलो. मोकळ्या रस्त्यावर ९०, सिग्नलला उभं राहिलं की सरळ १०४, मग फॅन धडाडून सुरू आणि पुन्हा ९४. चालत्या गाडीत वारा लागतो तोवर ठीक, थांबली की चढते, म्हणजे पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बरे असावेत, संशय फॅनवर. एसी लावल्यावर फॅनने हळू वेगात फिरायला हवं, तो हलेना. फास्ट आहे, स्लो नाही. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने फॅनचा रेझिस्टर (त्याला हळू फिरवणारा भाग) जळालेला काढून दाखवला. मजुरीसकट नऊशे रुपये. नवं कूलंट मीच भरलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. आता घाटातही ९७च्या वर जात नाही. २८ हजारवाल्यांचे "गाडी कधी आणताय?" असे मेसेज अजून येतात.

बाकी तक्रारी किरकोळ. किल्ली काढली तरी हा बॅटरी खात राहतो, गाडी आठवडाभर उभी ठेवणार असाल तर उपटून ठेवा. अलार्म १००वर लावा, ११० फार उशिरा. आणि आयफोनवाल्यांनी हा साधा ब्लूटूथवाला घेऊच नये, जोडला जात नाही. तुमच्यासाठी वायफायचा मिळतो.

चार तारे.