जालंधरचे निगेटिव्ह कट ग्लोव्हज: मॅचला उत्तम, सरावाला नकोत

मी कोल्हापुरात पेठांच्या फुटबॉल टीमकडून गोलकीपिंग केलं, बोलावणं येईल तसं बाहेरगावीही खेळलो, आता पोरांना शिकवतो. टीम बदलली की जर्सी नवी, पुढचे बॅक, म्हणजे बचावपटू, नवे, कोणाला काय नावाने ओरडायचं तेही नव्याने शिकायचं. ग्लोव्हज तेवढे आपले. म्हणून ते घेताना मी घाई करत नाही.

ही जोडी जालंधरच्या एका कंपनीची आहे. तळव्याला ४ मिमी लेटेक्स (रबरी फोम), निगेटिव्ह कट, बोटांमागे काढता-घालता येणारे स्पाइन, म्हणजे बोट मागे वाकू नये म्हणून ताठ पट्ट्या. किंमत अडीच हजारांच्या आत. निगेटिव्ह कटमध्ये शिलाई आतल्या बाजूला असते, त्यामुळे ग्लोव्ह बोटाला घट्ट बसतो. फ्लॅट कट, म्हणजे सपाट तळव्याच्या सैल ग्लोव्हमध्ये बोट आत सरकतं आणि जोराचा शॉट छातीशी घेताना बॉल निसटायची धास्ती राहते. इथे तसं होत नाही. क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर आलेल्या बॉलवर, गर्दीत उडी मारून बॉल धरला, तो धरलेलाच राहिला. ओल्या गवतावर तर ग्रिप आणखी चांगली मिळाली, कारण लेटेक्स थोडा दमट असला की जास्त पकडतो.

स्पाइनबद्दल कीपर लोकांत दोन मतं आहेत. बॉलचा स्पर्श कमी कळतो, असं बरेच जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरी मी ते ठेवतो. बोट मागे वाकून दुखावलं की टीम दुसरा कीपर उभा करते; तो चांगला खेळला तर बोट बरं झाल्यावरही आपण बाकावरच. बाकीच्या खेळाडूंना जागा बदलून तरी घेतात, कीपरला ती सोय नाही. २०२०-२१ ला हैदराबाद एफसीकडे सुब्रत पाल आणि लक्ष्मीकांत कट्टीमनी हे दोघंही कीपर होते. सुब्रत म्हणजे मोहन बागान, ईस्ट बेंगॉल, पुणे एफसी, थेट डेन्मार्कचा क्लब, असं फिरलेला, भारताचा नावाजलेला कीपर. गोलपोस्टमध्ये जागा मात्र एकालाच.

कट्टीमनीचं नाव मी पोरांना मुद्दाम सांगतो. २० डिसेंबर २०१५, आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. त्याची टीम एफसी गोवा २-१ ने पुढे असताना शेवटच्या मिनिटांत त्याच्या नावावर स्वयंगोल लागला, पाठोपाठ चेन्नईयनने तिसरा मारला आणि घरच्या मैदानावर कप गेला. २० मार्च २०२२ ला तो त्याच फातोर्डात पुन्हा फायनल खेळत होता, हैदराबादकडून, केरला ब्लास्टर्सविरुद्ध. १-१ बरोबरी, मग पेनल्टी शूटआऊट. त्याने तिघांच्या पेनल्टी अडवल्या. त्यातली निशू कुमारची रेफ्रींनी पुन्हा घ्यायला लावली, तीही अडवली. शूटआऊट ३-१, कप हैदराबादला. ते पाहताना मला रडू आलं होतं. कीपरच्या हातून गेलेला बॉल लोक किती वर्षं काढून दाखवतात, हे आम्हाला ठाऊक असतं.

आता उणिवा. मनगटाच्या पट्ट्याचं वेल्क्रो लवकर सैल पडलं. मी मॅचला वरून टेप गुंडाळतो. लेटेक्स मऊ आहे, म्हणजेच लवकर झिजतो. गांधी मैदानासारख्या कडक मातीवर सरावाला वापराल तर तळवा काही दिवसांत सोलवटेल. सरावाला जाड, टणक लेटेक्सची स्वस्त जोडी वेगळी ठेवा. डाइव्हनंतर उठताना तळवा टेकवू नका, मूठ टेकवा.

नवीन जोडी आली की आधी कोमट पाण्यात धुवा, कारखान्यातला थर निघाल्याशिवाय बॉल मेण लावल्यासारखा घसरतो. वाळवताना ऊन नको, सावलीत टांगा. बॅगेत तळव्याला तळवा लावून ठेवलात तर लेटेक्स चिकटतो आणि सोडवताना फाटतो.

साइज मात्र नीट बघून घ्या. मला ९ बसतो, यांचा ९ करंगळीला आवळत होता, बदलून साडेनऊ मागवला तो बरोबर बसला. पैसे मोजून घ्यावी अशीच जोडी आहे, आणि पुढच्या सीझनला मी हीच घेणार.