अपघात की कामातून आलेला आजार: भरपाईचा दावा कसा लावायचा?

रबाळ्यात प्रेस मशीनखाली अंगठा गेलेला कामगार आणि तुर्भ्याच्या खडी क्रशरवर धूळ खाऊन छाती गेलेला कामगार, कायद्याने दोघेही भरपाईचे हकदार. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात दोघांना जागा होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. भांडण मात्र वेगवेगळं होतं. अपघातात मालक म्हणतो, हे कामावर घडलंच नाही. आजारात म्हणतो, झाला असेल आजार, पण माझ्याकडे नाही.

आधी पगाराची स्लिप बघा. ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर भरपाई मालकाकडे मागता येत नाही, दावा ईएसआयकडेच करायचा. तिथेही हा फरक पैशात मोजला जातो: कामावरची इजा किंवा कामाचा आजार मानला तर रजेच्या काळात पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात, साधं आजारपण मानलं तर 70 टक्के आणि तेही वर्षाला 91 दिवसच.

ईएसआय नसेल तर अपघाताचा हिशोब सरळ आहे. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं कायद्याच्या परिशिष्टातच छापलंय. वयाप्रमाणे एक गुणक ठरलेला असतो, वय 40 असेल तर तो 184.17. पगार कितीही असो, 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशोबाला महिना 15,000 पर्यंतच धरतात. त्याचे 60 टक्के, गुणिले गुणक, त्याचे 30 टक्के म्हणजे 4,97,259 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना थकवले तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

मग अडतं कुठे? केसपेपरच्या एका ओळीवर. सुपरवायझर जखमीला गाडीत घालून ओळखीच्या नर्सिंग होममध्ये नेतो आणि वाटेत सांगतो, "घरी पडलो म्हण, खर्च कंपनी करेल." डॉक्टर लिहून टाकतात, 'घरी पडून इजा'. पुढे दावा लागला की समोरचा वकील पहिल्यांदा तीच ओळ वाचून दाखवतो. कामगार रक्तबंबाळ असताना त्याच्या तोंडी हे वाक्य घालणं मला सरळ अन्याय वाटतो. म्हणून सोबत जाणाऱ्याने केसपेपर हातात घेऊन वाचावा, आणि कंपनीचं नाव, मशीन, वेळ त्यात आल्याशिवाय हलू नये. मालकाला लेखी कळवायचं तेही लगेच.

आजाराच्या बाबतीत कायदा कागदावर कामगाराच्या जास्त बाजूने आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. यादीतला आजार, यादीतलं काम आणि ठरलेला सेवाकाळ जुळला, की आजार कामातूनच आला असं धरलं जातं. तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. आवाजाने आलेला बहिरेपणा, पाऱ्याची विषबाधा यांना सलग सहा महिने नोकरी लागते. सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार), अ‍ॅस्बेस्टॉसिसचा काळ सरकार ठरवतं, आणि तो काळ अनेक मालकांकडे मिळून भरला असेल तर भरपाई त्यांच्यात वाटली जाते.

तरी प्रत्यक्षात हाच दावा जास्त रखडतो. एक तर आजाराचं नावच चुकतं. धुळीत काम करणाऱ्याला दम लागला की टीबीच्या गोळ्या सुरू होतात, थुंकी तपासणीत काही सापडलं नाही तरी. डॉक्टरांना आपण होऊन सांगा की मी खडी फोडतो, ग्राइंडिंग करतो, आणि ते पेपरवर लिहून घ्या. दुसरं म्हणजे हजेरी. ठेकेदार बदलत गेले, मस्टरवर नाव कधी होतं, कधी नव्हतं. गेटपास, बँकेत आलेला पगार, पीएफचा नंबर, सोबत काम केलेल्यांची साक्ष, जे असेल ते जमवा. ठेकेदार हात वर करत असेल तर मुख्य मालकही जबाबदार असतो.

दावा लावायची मुदत दोन्हींना दोन वर्षं. अपघातात ती त्या दिवसापासून धावते. आजारात ज्या दिवसापासून त्या आजारामुळे सलग घरी बसावं लागलं, तो दिवस धरतात. ठरलेला सेवाकाळ भरून नोकरी सोडली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस. उशिराला सबळ कारण असेल तर माफीही मिळते.

खरा पेच मधल्या लोकांचा. वाशीच्या मार्केटमध्ये गोण्या उचलून कंबर गेली, तर झिजलेली कंबर आजारांच्या यादीत नाही. पण अमुक दिवशी अमुक गोणी उचलताना कळ आली आणि माणूस जागीच बसला, तर तो अपघात. रसायनाच्या कारखान्यात एकदाच वायू छातीत गेला, तेही तसंच. असा एक ठरावीक प्रसंग खरोखर घडला असेल तर मी अपघाताचाच दावा लावायला सांगेन. मात्र नसलेला प्रसंग रचू नका, उलटतपासणीत तो टिकत नाही आणि खरा आजारही खोटा ठरतो.

'यापुढे काही मागणार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून देऊन हक्क सोडला, तरी कायद्यात ते टिकत नाही, त्यामुळे आधी सही केली असली तरी दावा सोडू नका. मृत्यू झाला असेल तर मालकाने भरपाई सरकारने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते, घरी आणून दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. आणि आजारपणामुळे गावी साताऱ्याला परतला असाल तर तारखेसाठी ठाण्याला खेटे घालायची गरज नाही. राहत्या ठिकाणीही दावा लावता येतो.