जाड झालेल्या नखासाठी युरिया क्रीम: पाच महिन्यांनंतर

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात लोखंडी कपाटाच्या दारात उजवा अंगठा सापडला. नख काळंनिळं पडलं, रात्रभर ठणका. दिवाळीपर्यंत ते मुळापासून सुटून आलं आणि खालून जे नवं नख आलं ते पिवळट, खडबडीत, दुप्पट जाड. नेलकटरच्या तोंडात मावेना. लसूण सोलणं, सुईत दोरा ओवणं, टिकलीचा कागद सोडवणं, सगळं अडायला लागलं.

दुकानदाराने बघताक्षणी "फंगस आहे" म्हणून नखावर लावायचं औषध दिलं. दोन महिने लावलं, फरक शून्य. शेवटी मार्चमध्ये त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नखाखालचा भुगा खरवडून तपासायला पाठवला. त्यात बुरशी निघालीच नाही. मार लागल्यामुळे नख जाड झालं होतं. ते दोन महिने आणि पैसे वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. नख जाड दिसलं म्हणजे बुरशीच असते असं नाही. मार असतो, सोरायसिसही असतो. आधी तपासून घ्या, एवढं मात्र कळकळीने सांगते.

त्यांनी दिलं ते ४० टक्के युरियाचं क्रीम. टाचांच्या भेगांना मिळतं ते साधारण १० ते २५ टक्क्यांचं असतं, त्याने कातडी मऊ होते. ४० टक्क्यांचं मात्र नखाचा टणकपणाच सैल करतं, म्हणून ते फक्त नखावर लावायचं.

रात्री भांडी आवरली की अंगठा दहा मिनिटं कोमट पाण्यात. पुसून कोरडा करायचा, नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन, मग नखावर क्रीमचा पातळ थर आणि वरून चिकटपट्टी. पहिल्या आठवड्यात मी व्हॅसलीनचा कंटाळा केला, तर बाजूची कातडी पांढरी पडून सुरकुतली आणि तिखटाचा हात लागला की आग आग व्हायची. दोन दिवस थांबावं लागलं.

दहा-बारा दिवस काहीच दिसलं नाही. मग एका सकाळी पट्टी काढली तर वरचा थर भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखा पांढरट, मऊ झालेला. आठवड्यातून दोनदा तो फाईलने एकाच दिशेने हलक्या हाताने घासायचा. घासताना ऊब लागली की थांबायचं, कारण खाली जिव्हाळी असते. एकदा उत्साहाच्या भरात जास्त घासलं आणि चार दिवस पाणी लागलं तरी झोंबत होतं. या नखाची फाईल वेगळीच ठेवलीय.

क्रीमने नख पातळ होतं, पण बिघडलेलं नख बरं होत नाही; ते पुढे सरकत जातं आणि कापून टाकावं लागतं. हे पटावं म्हणून मी मुळाजवळ फाईलने बारीक खाच केली आणि शिवणाच्या टेपने मोजत राहिले. महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर. म्हणजे अख्खं नख बदलायला पाच-सहा महिने हवेतच, कुठलंही क्रीम लावा.

तक्रार एकच. मऊ झालेल्या नखात हळद अशी मुरते की दोन दिवस निघत नाही. भांड्यांसाठी रबरी हातमोजे घेतले, आत सुती मोजे घालते, नाहीतर घामाने नख ओलंच राहतं. मुळाची कातडी मागे ढकलणं, कापणं बंद केलं. तिथूनच जंतू आत जाऊन नखुरडं होतं.

मधुमेह असेल, बोट सुजलं असेल, पू असेल किंवा नखात काळी उभी रेघ दिसत असेल, तर घरी खटपट न करता डॉक्टरांना दाखवा.

आज पाच महिन्यांनी नखाचा तीन चतुर्थांश भाग गुलाबी आणि नेहमीच्या जाडीचा आहे. टोकाला पिवळा तुकडा उरलाय, तो दर रविवारी थोडा कापते. मधोमध एक उभी घडी मात्र तशीच आहे. मुळालाच मार लागलाय, ती कदाचित कायम राहील असं बाईंनी सांगितलंय. दुसरी ट्यूब संपत आली, तिसरी आणणार नाही. आता रात्री नुसतं खोबरेल लावते. परवा मोदकाच्या कळ्या पाडून पाहिल्या, अंगठा कुठे अडला नाही.