बीएस-४ की बीएस-६? जुनी बस घेण्यापूर्वी

बीएस म्हणजे भारत स्टेज, वाहनांच्या धुरावरचे सरकारी निकष; आकडा मोठा तितका निकष कडक. देशभर १ एप्रिल २०२० पासून नवी बस बीएस-६चीच. मधला बीएस-५ सरकारने गाळलाच. त्यामुळे निवड उरते ती जुन्या बाजारात.

बीएस-४ स्वस्त, गावच्या मिस्त्रीलाही उमगणारी. पण धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड या घातक वायूची मर्यादा इंजिनाच्या दर किलोवॅट-तास कामाला ३.५ ग्रॅम, बीएस-६ला जेमतेम ०.४६. फरक धुराच्या वासातच कळतो.

बीएस-६ची कटकट मात्र खरी. हा वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी भरत राहा. शहरात रखडत चालली की काजळीचा फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा पेटतो. मग फिल्टरमधली काजळी जाळून साफ करेपर्यंत थांबा. युरियात भेसळ झाली तर खर्च विचारूच नका.

लांब पल्ल्याला मी बीएस-६च घेईन. दिल्लीकडे जायचं असेल तर प्रश्नच नाही, तिथे बीएस-४ डिझेल बसवर बंधनं येतात.