पद्मिनीची नवी वायरिंग: १, १.५ की २.५?

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीची वायरिंग उपसून काढली, की दुकानदाराचा पहिला प्रश्न येतो, "किती गेज देऊ?" अर्धा घोळ इथेच होतो. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, स्क्वेअर एमएमचा वाढला की जाड. दोन्ही एकाच कागदावर लिहून नेलंत तर नेमकी उलटी वायर घरी येते. मी सगळा हिशेब स्क्वेअर एमएममध्येच (तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळात) करतो; पुढे नुसतं "एमएम" किंवा नुसता आकडा आला तरी तेच समजा.

दुसरा पेच, घरगुती वायर की ऑटोची? तांबं बहुतेक वेळा सारखंच असतं. घरातल्या दीड एमएमच्या वायरमध्येही ०.३ मिमी व्यासाच्या २२ तारा असतात, त्यामुळे "ती कडक असते, तुटते" हे म्हणणं अर्धंच खरं. फरक आवरणात आहे. घरगुती पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचं, आणि जाडही. ऑटोच्या पातळ आवरणाच्या वायरला १०५ अंश चालतात. मे महिन्यात बॉनेटखाली, सायलेन्सरच्या पाइपाशेजारी काय होत असेल ते सांगायला नको. केबिनच्या आत घरगुती वायर निभावून जाते, पण इंजिनाशेजारी नको.

आता मुख्य मुद्दा, हेडलाईट. वायर "किती अँपिअर सोसते" हे बघून जाडी ठरवणारे इथे फसतात. १ एमएमची वायर १० अँपिअरला जळत नाही, पण व्होल्ट खाते. ६० वॅटचे दोन बल्ब अप्परवर म्हणजे १० अँपिअर. बॅटरी, डॅशबोर्डचा स्विच, डिपर आणि दिवा असा फेरा धरला तर वायर सहज ५ मीटर होते. १ एमएममध्ये सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच जातो, दीडमध्ये ०.६, अडीचमध्ये ०.३५. आकडे किरकोळ वाटतात, पण बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो. ०.९ व्होल्ट गेला तर उजेड पाचव्या हिश्शाने कमी. माझ्या गाडीत जुन्या वायरिंगवर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी दिव्याच्या टर्मिनलला लावली, तर १.३ व्होल्ट दिसले. दिवे पिवळे का, ते तिथेच कळलं.

मग सरळ अडीच एमएम टाकायची? टाकता येते, पण पूर्ण १० अँपिअर त्या म्हाताऱ्या स्विचच्या पात्यांतूनच जाणार. त्यापेक्षा बॅटरीजवळ रिले (थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बरा. रिलेपर्यंत अडीच एमएम, तिथून प्रत्येक दिव्याला दीड, आणि स्विचकडून येणारी वायर अर्ध्या एमएमची, कारण रिलेच्या कॉइलला ०.२ अँपिअरही लागत नाही. डाव्या-उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज द्या. एक उडाला तरी कसारा घाटात पूर्ण अंधार होत नाही. रिले, सॉकेट आणि फ्यूजपेटीचा खर्च वाढतो, पण मी हाच पर्याय निवडला आणि हॉर्नलाही तेच केलं.

बाकीचं सोपं आहे. मीटरचे आणि पार्किंगचे दिवे अर्धा किंवा पाऊण एमएम. ब्रेकलाईट आणि इंडिकेटर १. स्टार्टरची केबल कमीत कमी २५, आणि बॅटरीची अर्थिंगची पट्टीही तेवढीच. ती बारीक ठेवली तर वरची जाड केबल फुकट. तुमची गाडी ६ व्होल्टची असेल तर तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट होतो, म्हणून त्याच वायरमध्ये टक्केवारीने नुकसान चौपट. तिथे काटकसर नको.

फ्यूज वायरच्या जाडीवर ठरतो. ऑटोच्या १ एमएमला १०, दीडला १५, अडीचला २० अँपिअर, यापुढे मी जात नाही. "उडतोय सारखा, मोठा टाका" म्हणणाऱ्या मिस्त्रीला आधी शॉर्ट शोधायला सांगा.

"जाड टाकली की झालं" या हिशेबाने मी आधी सगळीकडे अडीच आणली होती. डॅशबोर्डामागच्या पत्र्यातल्या रबरी ग्रोमेटमधून तो जुडगा जाईना. साबणाचं पाणी लावून झालं, शिव्या घालून झाल्या. शेवटी मीटरच्या दिव्यांच्या चार वायरी परत ओढून काढल्या आणि पाऊण एमएमच्या घातल्या.