मॉरिस मायनरला बसवलेले कापडी सनरूफ : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंग्लंडमध्ये डर्बीजवळ राहत असताना आठ वर्षांपूर्वी मी 1967 सालची दोन दारांची मॉरिस मायनर 1000 विकत घेतली आणि गेल्या मे महिन्यात तिच्या छताचा पत्रा कापून त्यात घडीचे कापडी सनरूफ बसवून घेतले. तेव्हापासून अकरा महिने उलटले आहेत आणि गाडी सुमारे 3,800 मैल चालली आहे. एक उन्हाळा, एक पावसाळी शरद आणि एक कडक हिवाळा या कापडाखाली काढल्यामुळे आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी 1948 ते 1971 या काळात तयार झाली. हिंदुस्तान मोटर्सने तिचीच सुरुवातीची आवृत्ती भारतात ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने विकली. कोल्हापुरात आमच्या आजोबांच्या शेजाऱ्यांकडे तशी एक गाडी होती आणि मायनरवरचा माझा जीव तिथूनच जडला. परंतु उन्हाळ्यात या बंद गाडीत बसणे अवघड होते. वातानुकूलन नाही आणि काळ्या रेक्झिनची आसने तापतात. पुढच्या दारांतल्या त्रिकोणी काचा उघडल्या तरी मागे बसणाऱ्यापर्यंत वारा पोचत नाही. दोन वर्षांपूर्वी सांगलीहून आई आली होती, तेव्हा तासाभराच्या प्रवासात मागच्या आसनावर तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला. सनरूफचा विचार त्या दिवसापासून सुरू झाला.

पूर्ण उघडी टूरर, म्हणजे सगळेच छत कापडी आणि मागे पाडता येणारी गाडी, हा दुसरा पर्याय होता. कारखान्यातूनच टूरर म्हणून निघालेल्या मायनरच्या सांगाड्याला खालून जादा मजबुती दिलेली असते. बंद गाडीचे संपूर्ण छत काढायचे तर ती सगळी मजबुती नंतर जोडावी लागते, कारण या गाडीला वेगळी चासी नाही आणि पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. कापडी सनरूफमध्ये छताच्या चारही कडा आणि खांब जागेवर राहतात, मधला तुकडा तेवढा निघतो. पन्नास-साठच्या दशकांतही अनेक मालक असे छत नंतर बसवून घेत. कोणत्याही कंपनीचे असले तरी इथे लोक त्याला सर्रास ‘वेबास्टो’ म्हणतात. हे नाव म्युनिकजवळच्या एका जर्मन कंपनीचे असून ते विल्हेल्म बायर हा संस्थापक आणि स्टॉकडॉर्फ हे गाव यांच्या नावांतील अक्षरे जोडून तयार झाले आहे.

मी घेतलेले छत एका लहान उत्पादकाचे आहे. त्यासाठी 640 पौंड आणि बसवण्याच्या मजुरीसाठी 480 पौंड लागले. छतातला काप साधारण 75 सेंटिमीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर लांब आहे. कापात बाहेरून ॲल्युमिनियमची चौकट बसते, आतून दुसरी चौकट येते आणि दोन्हींच्या मध्ये पत्रा स्क्रूने आवळला जातो. कापड आडव्या कमानींवर ताणलेले असते. त्या कमानी दोन्ही बाजूंच्या रुळांवरून मागे सरकतात आणि कापडाच्या घड्या एकावर एक बसतात. पुढच्या कमानीवरचे हँडल फिरवले की छत सुटते. थांबलेल्या गाडीत हे काम एका हाताने पाच सेकंदांत होते.

कापण्याआधी मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे गाडी खालून नीट तपासून घेतली. मायनरचा गंज दारांखालच्या सिलमध्ये (दाराच्या उंबऱ्याच्या पत्र्यात), सांगाड्याच्या मधल्या आडव्या पेटीत आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या आधारांजवळ लपलेला असतो. खालचा सांगाडा कमकुवत असताना छताला हात लावणे धोक्याचे आहे. माझ्या गाडीचे डावे सिल गंजाने पोखरलेले निघाले, म्हणून आधी ते बदलले. दुसरी गोष्ट म्हणजे दारांच्या फटी चार-चार ठिकाणी मोजून वहीत लिहून ठेवल्या. कापल्यानंतर, सहा महिन्यांनी आणि आता पुन्हा त्या मोजल्या, तेव्हा मोजता येईल असा फरक पडलेला नाही. विमा कंपनीलाही आधीच लेखी कळवले होते. त्यांनी छायाचित्रे आणि पावती मागितली, हप्ता मात्र वाढवला नाही.

पत्रा कापताना मी स्वतः हजर होतो. कारागिराने निबलर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारे यंत्र वापरले, हे चांगले झाले. ग्राइंडरने पत्रा तापून वाकतो आणि त्याच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात. निबलर मात्र पत्र्याचे चंद्रकोरीसारखे बारीक तुकडे उडवतो. गाडीवर चादर घातली होती, आतही झाकले होते, तरी पहिल्या पावसानंतरच्या सकाळी छताच्या कडेच्या पन्हळीत मला मोहरीएवढे नारिंगी ठिपके ओळीने दिसले. नखाने खरवडल्यावर प्रत्येक ठिपक्याखाली एकेक चंद्रकोर निघाली. एका रात्रीत तिला गंज चढला होता आणि तो रंगात उतरू लागला होता. जुन्या टूथब्रशने आणि चुंबकाने ती पन्हळ साफ करायला मला अख्खा रविवार लागला. कार्पेटमधून हे तुकडे सप्टेंबरपर्यंत निघत राहिले. हे काम करून घेणाऱ्याने त्याच दिवशी पन्हळ, दारांचे रबर आणि वायपरखालची जागा चुंबकाने पुसून घ्यावी.

खरा त्रास ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. तीन दिवस संततधार लागली आणि चौथ्या दिवशी उतारावर ब्रेक दाबताच आतल्या अस्तरामागून पाणी पुढे येऊन माझ्या उजव्या खांद्यावर पडले. वर्कशॉपने गाडी ठेवून घेतली आणि चौकटीच्या बाहेरून सिलिकॉन भरून परत दिली. पंधरा दिवसांत गळती पुन्हा सुरू झाली. मग मी आतली चौकट सैल केली, काठाला टाल्कम पावडर लावली आणि मुलाला बाहेरून पाइपने एकेका कोपऱ्यावर पाणी धरायला सांगितले. मागच्या उजव्या कोपऱ्यात पावडरीतून पाण्याची एक बारीक रेघ उतरली आणि कारण समजले. मायनरचे छत दोन्ही दिशांना घुमटासारखे आहे, तर चौकट जवळपास सरळ. स्क्रू एका टोकाकडून ओळीने आवळत गेल्यामुळे त्या कोपऱ्यात रबर दाबलेच गेले नव्हते. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनखाली पत्र्याची कापलेली कड उघडीच होती आणि तिच्यावर गंज धरला होता. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून वाळताना ॲसिड सुटते. उघड्या पोलादाजवळ ते मुळीच वापरू नये. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी रंग धरत नाही.

कापड कितीही उत्तम असले तरी असे छत टिकते ते पत्र्याच्या कापलेल्या कडेवर, आणि चौकट बसली की ती कड कोणालाच दिसत नाही, हे मला त्या दिवशी पुरते पटले. मी चौकट पूर्ण उतरवली, कड घासून तिला जस्ताच्या प्रायमरचे दोन आणि रंगाचे दोन हात दिले. मग चौकटीला छताचा बाक येईल अशी ती हळूहळू वाकवून घेतली, रबराखाली कधीही न सुकणारी ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी लावली आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी तीन फेऱ्यांत आवळले. यात दोन शनिवार-रविवार गेले. त्यानंतर आजपर्यंत आत थेंब आलेला नाही. वर्कशॉपकडून चौकट बसण्याआधी रंगवलेल्या कडेचे छायाचित्र मागून घ्या, असे मी प्रत्येकाला सांगेन. मी ते मागितले नव्हते.

छत उघडे ठेवून गाडी चालवण्याचा आनंद मात्र मी कल्पना केली होती त्याहून मोठा आहे. ताशी 40 मैलांपर्यंत वारा अंगावर येत नाही, डोक्यावरून निघून जातो. त्यापुढे सगळ्या काचा बंद असतील तर कानांत ढबढब सुरू होते. पुढच्या त्रिकोणी काचा बोटभर उघडल्या की ती थांबते. छत बंद असताना ताशी 55 मैलांच्या पुढे कापड थोडे फुगते आणि रुळांजवळ फडफडते. 1098 सीसीच्या या इंजिनाने त्याहून फार जोरात जायचे नसतेच, म्हणून मला त्याचे काही वाटत नाही, पण रोज मोटरवेवर जाणाऱ्याला तो आवाज जाचेल. पावसाचे थेंब कापडावर पडतानाचा मऊ आवाज मला पत्र्यावरच्या आवाजापेक्षा आवडतो. गेल्या ऑगस्टमध्ये आई पुन्हा आली, तेव्हा मागे बसून मॅटलॉक गावापर्यंत आली आणि परतीच्या वाटेवर तिने छत बंद करू दिले नाही.

कापडाची निगा फारशी नाही, पण त्यात हयगय चालत नाही. ओले छत घडी करून ठेवले तर बुरशीचे काळे डाग पडतात. माझ्याकडून असे एकदाच झाले आणि एका घडीतला फिकट डाग अजून तसाच आहे. कडाक्याच्या थंडीत छताचे हे व्हिनाइलचे कापड ताठ होते. अशा वेळी जोर लावून घडी केल्यास चिरा पडतात, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी मी छत उघडलेच नाही. रुळांना तेल लावू नये, त्यात धूळ चिकटून कमानी अडखळतात. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे पुरतो, आणि पत्र्याची कड नीट रंगवलेली असल्यावर तो तिथे चालतो. आतल्या अस्तराची कापलेली कड चौकटीला चिकटवण्यासाठी साधा गोंद वापरला गेला होता, तो जुलैच्या उन्हात सुटला. उष्णता सोसणारा गोंद लावून ते पुन्हा बसवावे लागले.

हे छत कोणत्या गाडीत बसवावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. माझ्या गाडीचा मूळ रंग केव्हाच गेला होता आणि छतावर आधीच एका जुन्या एरियलचे बुजवलेले भोक होते, त्यामुळे पत्रा कापताना मनाला फार लागले नाही. कारखान्यातून आलेले अस्तर आणि रंग शाबूत असलेल्या मायनरचे छत मी कधीही कापणार नाही. कापलेला तुकडा मी वर्कशॉपमधून मागून आणला, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावला आणि तो गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे.

या आठवड्यात पावसाने उघडीप दिली म्हणून मागचा उजवा कोपरा पुन्हा उघडून पाहिला. ब्यूटाइल अजून मऊ आहे आणि कडेवरचा रंग शाबूत आहे. फडफडीसाठी रुळाशेजारच्या दोन पट्ट्या बदलायच्या आहेत, ते काम मेच्या पहिल्या रविवारी करणार आहे.